झाकलेले कान

"हाही टोचतो," म्हणत इसिलेलीने आणखी एक हेडफोन डोक्यावरून उतरवला. चष्म्याची काडी कानामागे रुतली होती. त्याचं डोकं चांगलं भोपळ्याएवढं, आणि हेडफोन बनवणाऱ्यांनी बहुधा नारळ समोर ठेवून माप घेतलेलं.

दुकानातली ब्रॉनी नावाची पोरगी चिकाटीची होती. "अंकल, हा उघड्या पाठीचा बघा ना. हलका आहे. घरी निवांत ऐकायला याच्यासारखा दुसरा नाही."

"यातून आवाज बाहेर जातो?"

"थोडासा जातो."

"मग नको. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

ब्रॉनीला गंमत वाटली, ती हसली. इसिलेलीचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

तो ओटाहुहू उपनगरातल्या टोंगन चर्चचा फाईहिवा होता, म्हणजे गायनमंडळाचा म्होरक्या. त्यांच्यात पेटी नाही की पियानो नाही. फाईहिवाने तोंडाने सूर द्यायचा, बायकापुरुषांनी तो उचलायचा आणि छप्पर हलवायचं. हे काम आधी त्याच्या बापाने केलं, मग त्याने. पण पत्र्याच्या कारखान्यात उभा जन्म गेला आणि कान तिथेच राहिले. वरच्या पट्टीतल्या बायका गायला लागल्या की त्याला आताशा नुसती उघडी तोंडं दिसत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, लुसिआनेला, तर नाहीच नाही. कानात यंत्र बसवलं असतं तर पहिल्याच रविवारी बोभाटा झाला असता.

गेल्या सरावात गीत संपलं आणि मागच्या रांगेतून फिनेआसी म्हणाला, "फाईहिवा, बायका कुठे घसरल्या तेवढं सांगा की!" फिनेआसीचा त्या जागेवर कधीचा डोळा. बायका घसरल्याचाच इसिलेलीला पत्ता नव्हता. तेवढ्यात लुसिआने ताडकन उठली. "आधी चहा घ्या रे. घसे सुकलेत सगळ्यांचे," म्हणाली आणि वेळ निभावली. उद्याच्या वार्षिक मेळाव्यात मात्र सगळ्या चर्चची मंडळं समोर बसणार होती. तिथे चहा मध्ये येणार नव्हता.

त्याने एक तोड काढली होती. लुसिआने मांडीवर फोन ठेवून प्रत्येक सराव रेकॉर्ड करायची आणि त्याला पाठवायची. फोनच्या बारक्या स्पीकरवर त्याला त्यातलं निम्मंही उमजत नसे. चांगल्या हेडफोनवर पुरा आवाज सोडून ऐकलं, तर कोण कुठे चुकतं ते पाठ करता येईल. मग संध्याकाळच्या शेवटच्या सरावात तो बरोबर तिथेच हात वर करणार होता. घर एवढंसं, लुसिआने कायम आसपास. म्हणून बंद हेडफोन हवा होता, आणि तासन्‌तास घालायचा म्हणून न टोचणारा.

ब्रॉनीने आतून एक आणला. त्याच्या गाद्या जाड आणि मऊ होत्या. कान अख्खा आत मावला, चष्मा जागच्या जागी राहिला. इसिलेलीने आवाज टोकाला नेला आणि तिला खुणेने जवळ बोलावलं. मग एक कान उघडून विचारलं, "ऐकू आलं का काही?"

"नाही. पण अंकल, एवढा मोठा आवाज? कानांचं काय होईल?"

"कानांचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, बाळ."

बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. घरात जे तोंडातून निघालं नव्हतं, ते या परक्या पोरीला सांगून बसला होता. त्याचे डोळे भरून आले. खाली मान घालून त्याने हेडफोन बांधून घेतला.

घरी लुसिआने स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणासाठी तारोचे कंद सोलत बसली होती. तो डोक्यावर हेडफोन चढवत असताना तिने पाहिलं. "वा, विमान चालवणार वाटतं! आता आमची हाक कसली ऐकू येतेय तुला."

"गाणी ऐकतो जरा," तो म्हणाला आणि तिच्या समोरच टेबलाशी बसला.

आवाज पुरा सोडला. खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, कुणी खोकल्याचं ऐकू आलं. किती दिवसांनी! मग त्याचा स्वतःचा आवाज आला, सूर देणारा. सूर खाली होता. थोडाथोडका नव्हे, चांगला खाली. या सुरावर गीत उचललं तर पुरुषांचा आवाज घशातच अडकायचा.

पण मंडळाने उचललं ते बरोबर सुरावर.

त्याने मागे घेऊन परत ऐकलं. त्याचा सूर आणि मंडळाची सुरुवात यांच्यामध्ये काहीतरी होतं. कुणीतरी मिटल्या ओठांनी गुणगुणत होतं, फोनच्या अगदी जवळून. मंडळ त्या गुणगुणण्यावर उभं राहत होतं.

त्याने आधीचा सराव लावला. तिथेही तेच. ईस्टरचा लावला, मग गेल्या वर्षीच्या मेळाव्याचा. सगळीकडे आधी त्याचा पडका सूर आणि पाठोपाठ ते गुणगुणणं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. फिनेआसीलासुद्धा. आपण कुणापासून काय झाकत होतो, हेच त्याला कळेना.

त्याने वर पाहिलं. लुसिआने तारो सोलत होती, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग अगदी पहिल्यापासून लावलं, त्याने सूर देण्याच्याही आधीपासून.

"हात त्यांचाच बघायचा," लुसिआने दबक्या आवाजात मंडळाला सांगत होती, "सूर माझा धरा."