नऊ हजार सहाशे तास

"मला न्हाय पायजे वाढ," चिमणाबाई म्हणाली. ती बसलीही नव्हती. दाराची चौकट धरून उभी होती.

भैरवीने हातातलं पेन खाली ठेवलं. राजारामपुरीतल्या कामगार संघटनेच्या या कचेरीत वाढ मागायला येणारे तिने पुष्कळ पाहिले होते. नको म्हणणारी ही पहिलीच.

"बसा तरी. पगार कराराचं कलम अकरा समजावून सांगते, मग ठरवा."

चिमणाबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. शिरोलीच्या मसाला कारखान्यात ती पॅकिंगला होती, अर्धवेळ, रोज चार तास. तिच्या लुगड्याला मिरचीचा वास येत होता.

"पूर्णवेळ कामगाराला वर्ष भरलं की वाढ मिळते," भैरवी म्हणाली. "अर्धवेळाचं वर्ष मोजत नाहीत, तास मोजतात. बाराशे तास भरले की पगार एक पायरी वर. पुढचे बाराशे भरले की आणखी एक."

"म्हंजे रोजचं चार तास धरलं तर वरसाला एक पायरी?"

"खाडा नसेल तर."

"माझा खाडा न्हाय," ती पटकन बोलून गेली आणि ओठ मिटून बसली.

"तेच तर! आठ वर्षं, नऊ हजार सहाशे तास, आठ पायऱ्या. आणि तुम्हाला एकही मिळाली नाही. कारखाना म्हणतो, आधारची प्रत लावून अर्ज करायला हवा होता. कलमात अर्ज हा शब्दच नाहीये."

"ऱ्हाऊ दे की ताई."

"कुणाला भिता?"

"भितो. कुणाला ते इचारू नका."

भैरवीचा आवाज चढला. "करार एकतीस मार्चला संपतोय. त्याआधी दावा मान्य झाला नाही तर मागचं सगळं गेलं. मॅनेजरचं म्हणणं, अर्धवेळ बाया मधेच सोडून जातात, त्यांचे तास सलग भरतच नाहीत. सलग भरलेली एक बाई दाखवा, म्हणतो, सगळ्यांना देतो. हजेरीवहीत अशी एकच बाई आहे. तुमच्यामागं छत्तीसजणी अडकल्यात."

"दुसरी बघा," चिमणाबाई म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी भैरवी कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पॅकिंगच्या टेबलावर शेजारी बसणारी अनुजा चिमणाबाईच्या मागून धावत आली.

"चिमणाबाई! ए चिमणाबाई! बहिरी झालीस काय?"

तिसऱ्या हाकेला ती वळली.

"माझं तीन वरसाचं तास हायत," अनुजा भर रस्त्यात ओरडली. "डाक्टर म्हनतोय, मिरचीतनं उठ, न्हायतर छाती जाईल. चार पैसं जास्त आलं तर मी शेवयांचं मशीन घिऊन घरात बसीन. आनि तू निस्ती उभी ऱ्हायाचं न्हाय म्हन्तीस?"

अनुजाला खोकल्याची उबळ आली. ती कंपाउंडच्या भिंतीला टेकून वाकली. चिमणाबाईने तिची पाठ चोळली. खोकला थांबेपर्यंत चोळत राहिली.

मग भैरवीकडे न बघताच म्हणाली, "माझ्या तेजस्वीचा धावीचा शेवटचा पेपर शुक्रवारी हाय. त्येच्या फुडं कवाबी बोलवा."

पोरीच्या पेपरचा इथं काय संबंध, ते भैरवीला कळलं नाही. तिने सोमवार ठरवला.

सोमवारी मॅनेजर मोहित शहांच्या केबिनबाहेर बाया दाटीवाटीने उभ्या होत्या. आत हजेरीच्या आठ वह्या टेबलावर होत्या. मोहितने प्रत्येक वही चाळली, सही सहीशी ताडून पाहिली.

"आठ वर्षांत कधी आजारी पडला नाहीत?" त्याने विचारलं.

"पडलो. पन आलो."

"घरात लग्नकार्य? कुणी वारलं?"

"वारलं." चिमणाबाई टेबलाकडे बघत होती. "दुसऱ्या दिशी मी कामावर हुतो."

भैरवीने कलम अकरा मोठ्याने वाचलं. एकदा वाचलं, मग मोहितने ओळीओळीवर बोट ठेवून अर्ज हा शब्द शोधायला सांगितलं म्हणून पुन्हा वाचलं. तो शब्द कुठेच नव्हता.

अखेर मोहितने वही मिटली. "ठीक आहे. तास भरलेत, नाकारता येणार नाही. यांचं घ्या करून. बाकीच्यांचं नंतर बघू."

"नंतर न्हाय," चिमणाबाई म्हणाली. इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली. "आधी छत्तीसजणींच्या कागदावर सही करा. माझं शेवटी."

मोहितने भैरवीकडे पाहिलं. भैरवीने यादी पुढे सरकवली. त्याने सही केली, शिक्का मारला. चिमणाबाईने तो कागद उचलला, दार उघडून अनुजाच्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. हितं थांबू नका." बाहेर एकच गलका झाला. तिने दार लावून घेतलं.

"आता तुमचं," मोहितने ड्रॉवरमधून एक छोटं यंत्र काढलं. "पगार रोख देतो, पण फरकाची रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. ओळख पटवायला अंगठा लागेल. ठेवा इथं."

ती जागची हलली नाही.

"ठेवा की," भैरवी हसून म्हणाली. "जिंकलोय आपण. आता कसली भीती?"

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझा अंगठा जुळायचा न्हाय, सायब. माझं नाव धोंडुबाई. चिमणाबाई माझी थोरली भैन. ती गेली तवापासनं तिच्या जागी मी येतो. आठ वरसं झाली."