कोरं उत्तर

आईच्या घरी सकाळी आठपर्यंत फ्रीजचं दार उघडलं नाही, तर लेकीच्या फोनवर अलर्ट वाजायचा. लेकीनेच गुपचूप दारावर सेन्सर चिकटवून ठेवला होता. आईला त्याचा सुगावा लागला तसा तिचा पारा चढला. “माझ्यावर पहारा ठेवतेस? आत्ताच्या आत्ता बंद कर.” लेकीने लॅपटॉप उघडून अलर्ट डिलीट करायची कमांड पाठवली. सर्व्हरचं उत्तर कोरं आलं, म्हणजे काम झालं. दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले. फोन गप्पच. आधी तो गप्प असला की आई उठलीय एवढं कळायचं. आता त्यावरून काहीच कळेना. लेक खिडकीपाशी गेली, परत आली, फोन उलटा ठेवला, सुलटा केला. शेवटी न राहवून नंबर लावला. “आई, बरी आहेस ना?” “इतके दिवस फ्रीजला विचारत होतीस,” आई म्हणाली. “आज मला विचारलंस.”