एका खड्ड्यात तीस

मॉस्कोहून पाहणीला आलेला झुबारेव पँटची पर्वा न करता मातीत बसला आणि ओकचं रोपटं निरखू लागला. व्होल्गापारच्या त्या माळावर सकाळपासून त्याला वाळक्या काड्यांखेरीज काही दिसलं नव्हतं. हे एकच गुडघाभर वाढलेलं, टवटवीत.

"किती बिया घातल्या होत्या या खड्ड्यात?"

"तीस. हुकमाप्रमाणे," वनरक्षक सावेली लुकिच म्हणाला.

"मग बाकीची एकोणतीस कुठं गेली?"

बाकीची सावेलीने स्वतःच्या हाताने उपटली होती, दोन वर्षांपूर्वी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून. एवढ्या दाटीत एकही जगणार नाही, हे उभा जन्म झाडं लावण्यात गेलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण मॉस्कोचं शास्त्र वेगळं. एका जातीची रोपं आपसात भांडत नाहीत म्हणे. दुबळी आपणहून मरतात आणि सशक्ताला जागा करून देतात. विरळणी करेल तो घातपाती. सावेलीची मदतनीस क्लावदिया याला थोतांड म्हणाली होती. तिला पकडून घेऊन गेले, तेव्हापासून चौकीत सावेली एकटाच चहा प्यायचा.

"मेली," तो म्हणाला.

"आपणहून?"

खरं सांगावं तर आपण जाणार. न सांगावं तर सगळा माळ असाच पेरला जाणार आणि असाच वाळणार. सावेलीने मान खाली घातली.

"आपणहून."

"ऐकलंस, मित्या?" झुबारेव ड्रायव्हरला म्हणाला. "एकोणतीस जणांनी एकासाठी जीव दिला. आणि लोक आम्हाला पुरावा मागतात."

त्याने रोपट्याशेजारी उभं करून सावेलीचा फोटो काढला, कागदावर सही घेतली. "नाव होणार तुमचं, लुकिच. पुढच्या वसंतात अख्ख्या जिल्ह्यात असंच लावू."

तो गाडीत जाऊन बसला. मित्या हँडल मारायला पुढे आला आणि वाकल्या वाकल्या हळूच म्हणाला, "बाबा, आमची आई गाजरं अशीच विरळ करते."

सावेलीला एकदम बोलावंसं वाटलं. सगळं सांगावंसं वाटलं, अगदी क्लावदियापासून. तेवढ्यात इंजिन लागलं, मित्या उडी मारून आत बसला आणि गाडी निघाली.

धूळ खाली बसली, आवाज विरला, तरी सावेली रिकाम्या वाटेकडे बघून हात हलवत होता.