रव्याच्या डब्याला टेकलेला टॅब

पाककृती बघायला म्हणून हेमलताबाईंनी लेकीचा, मुक्ताचा जुना टॅब रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिचं खातं त्यात तसंच चालू राहिलं होतं. दुपारी बेसन भाजताना पडद्यावर वरून अलगद मेसेज उतरायचे, कुण्या निषादचे. 'काल स्वप्नात तू होडीत बसून केस विंचरत होतीस.' वाचून होतंय तोच वाक्य विरून जायचं.

दुसऱ्याचं वाचू नये, हे त्यांना कळायचं. पण असं त्यांना जन्मात कुणी लिहिलं नव्हतं. भाजल्या बेसनाच्या वासात ती होडी दिवसभर स्वयंपाकघरात डुलत राहायची.

आज लाडू वळताना टिंग वाजलं.

'काकू, मुक्ता म्हणते, तुम्हाला टॅबवर हे सगळं दिसतं. रविवारी घरी येऊ?'

तुपकट हातांनीच हेमलताबाईंनी पदर सारखा केला, जणू निषाद टॅबमधून बघतच होता.