जागचा हललेला ठिपका

आकाशाच्या एकाच तुकड्याचे लागोपाठ काढलेले फोटो आलटून-पालटून बघायचे आणि हजारो ठिपक्यांमधून जागचा हललेला एखादा हुडकायचा, हेच त्याचं काम. घरीही तो संगणकासमोर डोळ्यांत तेल घालून बसलेला असायचा. "सवत परवडली, पण हे ठिपके नकोत," असं बायको म्हणायची.

एकदा ती त्याच्या खुर्चीशी पाठमोरी उभी राहिली. "अहो, खांद्यामागचा हा तीळ मोठा झालाय का, बघा ना जरा."

"तिळाचा कसला बाऊ करतेस!" त्याने मानही वर केली नाही. "थांब, इथे काहीतरी हललंय."

खरंच हललं होतं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला नवा लघुग्रह निघाला. त्याची कक्षा पक्की होऊन नाव सुचवायचा मान मिळेपर्यंत काही वर्षं गेली. त्याने बायकोचं नाव दिलं.

सत्काराला अध्यक्ष म्हणाले, "एवढासा ठिपका, पण यांच्या नजरेतून सुटला नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.



त्याला मात्र, बायकोने जिथे शेवटचा श्वास घेतला त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा प्रश्न ऐकू येत होता, "हा तीळ एवढा पसरेपर्यंत घरात कुणाच्याच नजरेस पडला नाही?"