टेकचे एकतीस अर्थ

"टेक ऑफ?" आत्याबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"विमान उडणं. नाहीतर अंगातला कोट उतरवणं," भांडी घासता घासता सूनबाई म्हणाली.

"टेक केअर ऑफ?"

"सांभाळणं."

"टेक युवर टाइम?"

"सावकाश होऊ दे, घाई नको."

"शाब्बास! झोपेतून उठवलं तरी सांगशील आता."

सांगितलंच असतं हो तिने. तीन वर्षं दुसरं काय केलं होतं? लग्नानंतर अकराव्या दिवशी नवरा परदेशी गेला, तो गेलाच. त्याच्याकडे जायचं तर आधी इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हायची, त्याशिवाय व्हिसा नाही. त्याची आत्या इंग्रजीची निवृत्त बाई, म्हणून त्याने बायकोला तिच्याकडेच ठेवलं. माहेरचे तर हरखूनच गेले.

आत्याबाईंची पद्धत न्यारी. एकच क्रियापद धरायचं आणि पार पिळून काढायचं. "अगं, एक टेक जमलं की सगळं इंग्रजी खिशात!" त्या इंग्रजीत म्हणणार, सूनबाईने तिथल्या तिथे मोठ्याने मराठी सांगायचं. जरा अडखळली की एकतीसही अर्थ पहिल्यापासून.

परीक्षेत मात्र मेले भलतंच विचारायचे. तुमचं घर कसं आहे? सकाळी उठून काय करता? तिची दातखीळच बसायची. काल ती तिसऱ्यांदा नापास झाली आणि जिन्यातच बसून ढसाढसा रडली.

"म्हातारीला फुकटची मोलकरीण मिळालीय," शेजारीण तिच्या कानाशी लागली. "ती कशाला तुला पास होऊ देईल?"

आज ते आठवून सूनबाईला संताप आला. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. त्यांची चार कामं केली तर आपण काय झिजतो? आणि रोज दोन तास घसा कोरडा करून शिकवतं कोण? शेजारणीच्या जिभेला काही हाडच नाही, असं म्हणून तिने चहा टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच! आत्या-भाचे आधी इंग्रजीत बोलायचे. "कामाचं असतं गं, तुला कंटाळा येईल," असं आत्याबाई म्हणत. शेवटची दोन मिनिटं सूनबाईची. तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

चहाचा कप घेऊन ती दाराशी थांबली. आत्याबाई पाठमोऱ्या बसून भराभर बोलत होत्या. एक 'फेल' सोडलं तर तिला ओ की ठो कळेना. सांगितलं वाटतं, म्हणून ती शरमली. मग आत्याबाईंचा आवाज मऊ झाला.

"सो, टेक युवर टाइम."

घाई नको, असं सांगताहेत. किती धीर देतात त्याला! सूनबाईचे डोळे भरून आले.

"अँड टेक केअर ऑफ युवर वाइफ अँड द बेबी."

आणि तीन वर्षांच्या सवयीने, तिथल्या तिथे, न अडखळता, सूनबाई मोठ्याने म्हणाली, "बायकोला आणि बाळाला सांभाळ."