तिटेएवढं

"किती लावता रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

भिवाजीनं मांडीवरच्या नातीला, सुधाला, डाव्या हातानं सावरलं आणि उजवा तळवा त्यांच्यापुढे पसरला. "एवढं," तो म्हणाला, आणि अख्खा तळवा दाखवला. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. उलट, लेकराच्या औषधात आपण हात आखडला नाही याचा अभिमानच होता.

"बैलाचे खांदे शेकायचेत काय, भिवाजीबुवा?"

बाकावरची माणसं हसली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यांना हळद-लोणी चोळण्यात सगळ्या पांढुर्ण्यात भिवाजीचा हात धरणारं कोणी नव्हतं. नातीला इसब झाला तेव्हा मलमही त्यानं तसंच रगडून चोळलं, आणि आत मुरावं म्हणून वरून फडकं गुंडाळलं. नळी संपली तशी रिकामी नळी दाखवून बाजारातून दुसरी आणली. खाज थांबत होती, पोर झोपत होती, मग विचारायचं कोणाला आणि कशाला?

डॉक्टरांनी सुधाचा कोपर उजेडात धरला. घडीतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, चकाकत होती, आणि खालच्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. भिवाजीनं ती चकाकी आधीच पाहिली होती. त्याला वाटलं होतं, बरं होऊन राहिलं.

"मलमानं कातडी झिजली," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत. लहान लेकरू आहे, भरून येईल."

भिवाजीनं तळवा हळूच मिटला आणि मांडीखाली घातला.

त्याची सून मालती भिंतीशी उभी होती. तिच्या पायाशी झबल्यांची पिशवी होती. सकाळीच तिनं सांगून टाकलं होतं, की दवाखान्यातून ती थेट माहेरी, सौंसरच्या गाडीत बसणार आणि संत्र्याच्या तोडीचं आपलं काम संपेपर्यंत पोर आपल्या आईकडे ठेवणार. आवाज चढवला नव्हता तिनं, म्हणूनच म्हातारा जास्त घाबरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीत, जाम नदीच्या पात्रात, दोन्ही काठांवरून येणाऱ्या दगडांपुढे उभा राहिलेला हा गडी, पण त्या पिशवीकडे पाहायची काही त्याला हिंमत होत नव्हती.

"हे औषधच नको मले," मालती म्हणाली. "खाजवलं त खाजवू द्या, पण हे नको."

"असं करू नका, ताई. औषध वाईट नाही, माप चुकलं. खाजवून जखमा झाल्या, त्या पिकल्या, तर काय कराल? मी हलकं मलम देतो. कोपराला सध्या नुसतं खोबरेल. गुडघ्यामागं अजून लाल आहे, तिथं दिवसातून एकदा, थोडंसं. वर काही बांधायचं नाही. लाली गेली की बंद. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मला आणून दाखवा."

"थोडंसं म्हंजे किती, साहेब?" भिवाजीनं विचारलं. "पोट्टी खाजवून खाजवून रडते त जीव कासावीस होते. थोडं लावाले हात मानतच नाई."

डॉक्टर सुधाच्या गालाकडे पाहत होते. तिथं काजळाचा इवलासा ठिपका होता.

"ही तीट कोण लावतं?"

"मीच. हिची आजी असती त तिनं लावली असती."

"मग गालभर का नाही फासत? नातीला नजर लागू नये असं वाटत नाही?"

"असं कसं बोलता, साहेब!" भिवाजी दुखावला. "तीट एवढुशीच रायते. तेवढीच पुरते."

आणि तो बोलता बोलता थांबला. डॉक्टरांनी नव्या नळीचं टोपण काढून ती त्याच्यापुढे धरली. भिवाजीनं आधी सुनेकडे पाहिलं. तिनं पुढे होऊन लेकराचा पाय धरला.

भिवाजीनं बोटावर मलमाचा ठिपका घेतला. अजून थोडं घ्यावं म्हणून हात शिवशिवला, पण त्यानं नळी खाली ठेवली. लाल जागेवर ठिपका टेकवला, दिसेनासा होईतो अलगद पसरवला. इतकं कमी लावताना त्याला आपली मायाच कमी पडल्यासारखं वाटलं आणि डोळे भरून आले.

"बाकीची माया तेलात घाला," डॉक्टर म्हणाले. "ते हवं तेवढं लावा."

समोरच मोटारस्टँडवर सौंसरची गाडी घुरघुरत होती. भिवाजीनं हात धुतले आणि स्वतःच पिशवी उचलली.

"चाल मालती, बसवून देतो तुमाले. आता गेलं त जागा भेटन."

सुधा रडत होती, आईच्या पदरात तोंड घाशीत होती. मालतीनं गाडीकडे पाहिलं, मग पोरीचं तोंड वर केलं.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "हिची तीट पुसून गेली. घरी चला, पयले थे लावा."